पण कोणाचा? : हाताची निवड, पणाचे प्रमाण आणि द्यूतपर्व

पोकरच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला प्रथम दोन पत्ते मिळतात. मेजावर उघडावयाचे पाच सामायिक पत्ते अजून कॅटातच असतात. या क्षणी खेळाडूपुढे दोन प्रश्न उभे राहतात : हाती आलेल्या या दोन पत्त्यांवर डावात उतरावे काय, आणि उतरावयाचे तर किती लावावे? या खेळाविषयी गेल्या अर्धशतकात जे शास्त्र रचले गेले, त्याचा बराचसा भाग या दोन प्रश्नांच्या उकलीला वाहिलेला आहे. वरवर पाहता हा निव्वळ हिशेबाचा विषय. परंतु या हिशेबाच्या मुळाशी एक नैतिक विधान दडलेले आहे. माणसाची जबाबदारी त्याने केलेल्या निवडीपुरती आणि त्याने राखलेल्या प्रमाणापुरती असते; त्यापुढे जे घडते ते त्याच्या खाती मांडता येत नाही, असे ते विधान होय. द्यूत हा ज्या संस्कृतीच्या महाकाव्यातील मध्यवर्ती प्रसंग आहे, त्या संस्कृतीतील वाचकाने हे विधान तपासून घेणे आवश्यक आहे.

प्रथम शास्त्राचे म्हणणे काय ते पाहू. बावन्न पत्त्यांतून दोन पत्ते १३२६ रीतींनी येऊ शकतात. किलवर-बदामाचा भेद केवळ ‘एकाच रंगाचे की वेगळ्या’ एवढ्यापुरता ठेवला तर या रीतींचे १६९ प्रकार उरतात. त्यांत एक्क्यांची जोडी सर्वश्रेष्ठ. ती सरासरीने २२१ हातांत एकदा येते. दुसऱ्या टोकाला वेगळ्या रंगांची सत्ती आणि दुरी. डेव्हिड स्क्लान्स्की याने आरंभीच्या हातांचे आठ गट पाडले आणि कोणत्या जागी बसलेल्याने कोणत्या गटापर्यंत उतरावे याची कोष्टके दिली. जागेला येथे फार महत्त्व आहे. ज्याला आधी बोलावे लागते तो अज्ञानात बोलतो. जो शेवटी बोलतो त्याने इतरांचे बोलणे ऐकलेले असते. म्हणून पहिल्या जागेवरचा विवेकी खेळाडू बहुतेक हात टाकून देतो आणि शेवटच्या जागेवर तोच खेळाडू पुष्कळ सैलपणे खेळतो. म्हणजे हाताचे मूल्य हातात नसते, संदर्भात असते. साहित्यसमीक्षेच्या वाचकाला हा सिद्धान्त नवा वाटू नये.

पणाच्या प्रमाणाविषयीचे विवेचन याहून सूक्ष्म आहे. तीन पत्ती खेळणाऱ्याला ‘ब्लाइंड’ हा शब्द ठाऊक असतो, परंतु तेथे त्याचा अर्थ पत्ते न पाहता लावलेली चाल असा होतो. पोकरमध्ये दोन खेळाडूंनी आळीपाळीने, पत्ते पाहण्यापूर्वीच भरावयाची ती सक्तीची रक्कम असते. पहिली वाढ या रकमेच्या किती पट असावी? एके काळी तिप्पट हा संकेत होता. अलीकडे स्पर्धांत दुप्पट ते अडीचपट पुरेशी मानली जाते. मुद्दा आकड्याचा नाही, आकडा स्थिर ठेवण्याचा आहे. चांगल्या हाताला जास्त आणि मध्यम हाताला कमी लावणारा खेळाडू आपला हातच वाचून दाखवीत असतो. तेव्हा पणाचा आकार बोलका होऊ देऊ नये. समोरच्याने लावले तर ते भरावे की नाही याचेही गणित ठरलेले आहे. मधोमध १०० असताना प्रतिस्पर्ध्याने ५० लावले, तर ५० भरून १५० मिळण्याची शक्यता असते. चारांपैकी एकदा जिंकता आले तरी व्यवहार तोट्याचा नाही.

स्पर्धेत आणखी एक गुंतागुंत येते. प्रवेशमूल्य ठरलेले असते. त्याबदल्यात मिळणाऱ्या चकत्या पुन्हा पैशांत मोडता येत नाहीत. बक्षिसे वरच्या क्रमांकांना विभागून मिळतात. परिणामी दुप्पट चकत्या झाल्या म्हणून खेळाडूचे स्थान दुप्पट मोलाचे होत नाही. परंतु सर्व चकत्या गेल्या तर सर्वच संपते. गमावलेली चकती कमावलेल्या चकतीहून महाग असते. संपत्तीचे मोल तिच्या राशीप्रमाणे सरळ वाढत नाही, हे डॅनिएल बर्नुली याने १७३८ मध्येच मांडले होते. स्पर्धेचे पोकर म्हणजे त्या सिद्धान्ताचे मेजावरचे उदाहरण होय.

या सर्व शिकवणुकीचा गाभा असा की, निर्णय आणि परिणाम यांची गाठ सोडावी. एक्क्यांच्या जोडीसमोर राजांची जोडी आली तर पाचांपैकी साधारण चार वेळा एक्के जिंकतात. पाचव्या वेळी हरलेला खेळाडू निर्दोष असतो. सत्ती-दुरीवर सर्वस्व लावून जिंकलेला मात्र दोषी. थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये ‘नैतिक दैव’ ही कल्पना चर्चेत आणली, तेव्हा त्यांना नेमकी उलट बाजू सतावीत होती : ज्या गोष्टी आपल्या हातात नव्हत्या त्यांवरूनही आपण माणसाचा न्याय करतो, आणि तसा न्याय करणे सोडूनही देता येत नाही. पोकरचे शास्त्र म्हणते, सोडता येते, सवय लागते.

मराठी वाचकाला येथे गीतेची आठवण होणे स्वाभाविक आहे. आणि आठवण झालीच तर ती १९१५ साली पुण्यात प्रसिद्ध झालेल्या टिळकांच्या ‘गीतारहस्या’तून होणे अधिक उपयोगी. कर्माची नीतिमत्ता बाह्य परिणामांच्या बेरजेवरून ठरविणाऱ्या आधिभौतिक पक्षाचे खंडन करताना टिळक कर्त्याच्या बुद्धीकडे वळतात. फलाची आसक्ती सोडा असे सांगणारा पोकरचा शिक्षक आणि ‘गीतारहस्य’ येथपर्यंत शेजारी चालतात. पण टिळक बुद्धी या एकाच शब्दाखाली दोन गोष्टी वेगळ्या करतात : निश्चय करणारी व्यवसायात्मक बुद्धी आणि इच्छा करणारी वासनात्मक बुद्धी. कर्माचे बरेवाईटपण ठरविताना ही दुसरी शुद्ध आहे की नाही हेही ते विचारतात. पोकरचे शास्त्र पहिलीला असामान्य धार लावते. दुसरीविषयी ते बोलतच नाही. हे मौन किती महत्त्वाचे आहे ते ताडण्यासाठी मेजावरून उठून सभेत जावे लागेल.

सभापर्वाचा जो पाठ आज प्रमाण धरला जातो तोही पुण्याचाच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती. तीतील सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन यांनी केले. या पाठात द्रौपदीचा कृष्णाचा धावा नाही. वस्त्रे येतात, कोठून येतात ते संहिता सांगत नाही. चमत्काराची ही ओळखीची चौकट दूर झाल्यामुळे एरवी तिच्या छायेत राहणारी गोष्ट उघड्यावर येते : प्रसंगाचा कणा म्हणजे पणांची यादी आणि त्या यादीवर विचारलेला एक प्रश्न.

पोकरच्या शास्त्राने युधिष्ठिराचे काय केले असते? निकाल सोपा आहे. निवडीच्या कसोटीवर तो पहिल्याच क्षणी नापास होतो. आव्हान आले तर माघार घ्यावयाची नाही हे त्याचे व्रत. म्हणजे हात टाकून देण्याचा पर्यायच त्याने स्वतःपुरता रद्द केलेला आहे. प्रतिस्पर्धी निपुण आहे हे त्याला ठाऊक आहे, तसे तो बोलूनही दाखवितो. प्रमाणाची तर वार्ताच नको. सुमारे वीस पण लागतात आणि हरणाऱ्याचा पण चढत जातो. जुगाराच्या अड्ड्यावर रात्री उशिरा रोज घडते तेच हस्तिनापुरात घडते, एवढेच हे शास्त्र म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही.

परंतु या निकालात एक अडचण आहे. समजा, फासे निर्मळ होते. समजा, युधिष्ठिर शकुनीच्या तोडीचा होता आणि द्रौपदी पणाला लावताना चारांपैकी तीन वेळा तो जिंकला असता. मग तो पण योग्य ठरला असता काय? शास्त्राजवळ याला ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, कारण त्याच्या परिभाषेत पणाला फक्त आकार असतो. तो मोठा असतो वा लहान, प्रमाणात असतो वा प्रमाणाबाहेर. तो कोणाचा आहे, हा प्रश्न त्या परिभाषेत मांडताच येत नाही.

संहितेत मात्र तो पदोपदी मांडलेला आहे. द्यूताच्या आरंभीच युधिष्ठिर एक हरकत घेतो : पण दुर्योधन लावणार आणि फासे शकुनी टाकणार, एकाने दुसऱ्यासाठी खेळणे हे विषम आहे. (पोकरमध्ये खेळाडूच्या मागे पैसा लावणारे भागीदार असतात आणि ही प्रथा तेथे सर्वमान्य आहे.) म्हणजे खेळणारा आणि पणाचा धनी यांचे नाते हा विचाराचा विषय आहे, हे युधिष्ठिराला माहीत आहे. याहून बोलके असे एक स्थळ पुढे येते. नगर, जनपद आणि भूमी पणाला लावताना तो ब्राह्मणांना आणि ब्राह्मणांच्या धनाला वगळतो. द्यूताच्या कैफात भान हरपलेल्या माणसाचे हे लक्षण नव्हे. काय आपले आणि काय आपले नव्हे याचा हिशेब त्याच्या मनात त्या क्षणीही जागा आहे. तो हिशेब ब्राह्मणांच्या गाईंपाशी जागा असतो आणि पुढल्या काही पणांत नकुलापाशी, सहदेवापाशी, अर्जुन-भीमापाशी झोपी जातो. आणि त्याही आधी, कोणाच्या लक्षातही न येता, तो दासींपाशी झोपलेलाच होता. अलंकार ल्यालेल्या, नृत्यगीतात कुशल अशा दासींचा पण लागतो, दासांचा लागतो, दोन्ही जिंकले जातात. त्यांच्या वतीने सभेत कोणी प्रश्न विचारला नाही. नंतरच्या भाष्यकारांनीही फारसा विचारलेला नाही.

द्रौपदीने विचारला तो प्रश्न सर्वश्रुत आहे : राजाने आधी स्वतःला हरविले की मला? इरावती कर्वे यांनी ‘युगान्ता’त या प्रश्नाची कठोर चिकित्सा केली. अशा भीषण प्रसंगी तिने कायद्याचा काथ्याकूट करण्याऐवजी सभेच्या माणुसकीला हाक घालावयास हवी होती, आपले पांडित्य दाखविण्याच्या नादात तिने स्वतःची स्थिती अधिक बिकट केली, असा त्यांचा अभिप्राय. डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र-मानवशास्त्राचे अध्यापन केलेल्या या विदुषीची नजर व्यवहारावर होती आणि व्यवहारात त्या प्रश्नाने काही साधले नाही हे खरे. भीष्मासारखाही धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून थांबतो. तरीही बाईंचा अभिप्राय स्वीकारता येत नाही. दयेची याचना केली असती तर पण मान्य करूनच ती करावी लागली असती. द्रौपदी पणच मान्य करीत नाही. सर्व सभा जिंकले-हरले या परिणामाच्या भाषेत बोलत असताना ती एकटी धनीपणाच्या भाषेत बोलते. तिला साथ देणारा विकर्ण जी कारणे मांडतो तीही याच भाषेतली : ती पाचांची आहे, एकाची नाही, लावणारा आधीच हरलेला होता, आणि तिचे नाव पणासाठी सुचविले ते शकुनीने. हे शेवटचे कारण विशेष चिंतनीय आहे. ज्याचा पण प्रतिस्पर्धी ठरवितो तो खेळाडू उरतच नाही, हे पोकरच्या शिक्षकालाही पटेल.

एक गोष्ट येथे जाता जाता नोंदविण्यासारखी. धृतराष्ट्राकडून वर मागताना द्रौपदी पहिल्याने युधिष्ठिराला, दुसऱ्याने इतर चौघांना सोडवून घेते आणि तिसरा वर नाकारते. संबंध सभेत केव्हा उठावे हे कळलेली व्यक्ती ती एकच.

यावर असा आक्षेप घेता येईल की युधिष्ठिर अडाणी जुगारी होता. निपुण खेळाडू पणाच्या मर्यादा आपसूक पाळतो, कारण प्रमाणाचे शिक्षण हेच संयमाचे शिक्षण होय. हा आक्षेप दुबळा नाही. शिकलेला खेळाडू बहुतांश हात टाकून देतो, जवळच्या पैशाचा अल्पांशच एका स्पर्धेत गुंतवितो, हरल्यावर चिडून पण वाढवीत नाही. संयम येथे खराच असतो. पण महाभारतातच, वनपर्वात, या आक्षेपाला उत्तर देणारी कथा आहे आणि ती सांगितली जाते द्यूतात सर्वस्व हरून बसलेल्या युधिष्ठिरालाच.

नल पुष्कराशी खेळतो तेव्हा त्याला द्यूताचे ज्ञान नाही. कलीने त्याला पछाडलेले आहे. राज्य जाते, कोष जातो. मग पुष्कर म्हणतो की आता दमयंती तेवढी उरली, तिचा पण लाव. नल उत्तर देत नाही. तो अंगावरचे अलंकार उतरवितो आणि एकवस्त्रानिशी चालू लागतो. युधिष्ठिराला शकुनीने जे सुचविले तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि उत्तर सर्वस्वी वेगळे. मराठी वाचकाच्या मनात राहिलेला नल तो हाच.

यानंतर नल ऋतुपर्णाचा सारथी होतो. ऋतुपर्ण वाटेवरच्या बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नल झाड तोडून मोजून पाहतो आणि संख्या जुळते. संख्येचे हे ज्ञान आणि फाशांचे ज्ञान संहितेत एकत्रच येते. संभाव्यतेच्या कल्पनेचा इतिहास लिहिताना इयन हॅकिंग यांनी १९७५ मध्ये या कथेकडे लक्ष वेधले ते याच कारणाने. बेहड्याची फळे फाशांसाठी वापरली जात. झाडाच्या फळांचा अंदाज बांधणारा आणि फाशांचे मर्म जाणणारा एकच असावा, हा योगायोग नव्हे. नल अश्वविद्येच्या बदल्यात हे अक्षहृदय घेतो, आणि ते घेताच कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. अज्ञानाचे विष ज्ञानाने उतरले, असेच कोणीही वाचील.

मग नल परत येऊन पुष्कराला पुन्हा आव्हान देतो. त्याचा पण काय? मिळविलेले धन आणि दमयंती. पुढे तर प्राणही. अक्षहृदय नसताना जी गोष्ट त्याने ओठांवर येऊ दिली नाही, ती अक्षहृदय असताना तो स्वतः होऊन लावतो. पुष्कर हर्षभराने आता दमयंती आपली सेवा करील असे बरळतो तेव्हा नलाला त्याचे डोके उडवावेसे वाटते. परंतु ते बरळणे शक्य करणारा पण लावला कोणी, याची जाणीव संहिता त्याला देत नाही. एका डावात तो सर्व जिंकतो, पुष्कराला उदारपणे जीवदानही देतो. कथा सुखान्त आहे, म्हणूनच हे स्थळ नजरेतून निसटते. परिणाम चांगला झाला तर पण विसरला जातो, हा परिणामवादाचा दोष येथे रसिकांच्या आस्वादातच शिरलेला दिसतो. द्रौपदीच्या बाबतीत शतकानुशतके चर्चा झाली. दमयंतीचा दुसरा द्यूतप्रसंग कोणाला टोचला नाही, कारण ती हरली गेली नाही.

नलाला खात्री होती, म्हणून त्याने लावले, असे समर्थन होऊ शकेल. पण खात्री हीच येथे घसरण आहे. नैपुण्याने त्याला प्रमाण दिले आणि मर्यादा काढून घेतली. अडाणी नलाच्या मौनात ‘हे माझे नाही’ हे होते. ज्ञानी नलाच्या आव्हानात ‘हे जाणार नाही’ हे आहे. पहिले वाक्य वासनात्मक बुद्धीच्या शुद्धीचे, दुसरे व्यवसायात्मक बुद्धीच्या निश्चयाचे. दोहोंतून निष्पन्न होणारे वर्तन शेकडा नव्याण्णव वेळा सारखेच दिसेल; हात टाकावयाचा तर दोघेही टाकतील.

मराठी भाषेने हा भेद आपल्या परीने राखला आहे. ‘पणाला लावणे’ हा वाक्प्रचार जेथे गौरवाने येतो तेथे पण स्वतःचा असतो. माणूस प्राण पणाला लावतो, प्राणपणाने लढतो. दुसऱ्याचे पणाला लावणाऱ्याविषयी बोलताना तोच वाक्प्रचार आरोप होतो. चकतीने हा भेद पुसला. सभापर्वातला प्रत्येक पण वर्णनासहित येतो : समुद्राच्या भोवऱ्यातून निघालेला मणी, निष्कांनी भरलेले घडे, चित्ररथाने दिलेले घोडे, आणि शेवटी द्रौपदी, तिच्या वर्णनात तर युधिष्ठिर श्लोकांमागून श्लोक रमतो. समीक्षकांना हे वर्णन त्या जागी औचित्यभंग वाटू शकेल. प्रत्यक्षात ते पणाचे नाव घेणे आहे. काय लावले जात आहे ते लपविले जात नाही, म्हणूनच द्रौपदीला प्रश्न विचारता येतो. चकतीला नाव नसते. ती मुलांच्या शिक्षणासाठी साठविलेल्या रकमेतून आली की पगारातून, हे मेजावर दिसत नाही. स्पर्धेचे ठराविक प्रवेशमूल्य ही युधिष्ठिराच्या अनर्थावरची तोड आहे असे म्हटले जाते, कारण खेळाडू भरले त्यापेक्षा अधिक हरूच शकत नाही. पुष्कळ स्पर्धांत बाद झालेल्याला पुन्हा पैसे भरून परत बसता येते, ही तोडीतली फट.

कायद्यालाही पणापर्यंत पोहोचण्यास वेळ लागला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमाने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली आणि तेव्हापासून वाद कौशल्य की दैव याभोवती फिरत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ मानला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला दैवाच्या बाजूस ढकलले. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला, तो कधीही अमलात न आणता २०२३ मध्ये रद्द केला, आणि पुण्यामुंबईचा शौकीन मांडवीतल्या जहाजांवर जात राहिला. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने ऑनलाइन खेळांपुरता जुना वाद बाजूला सारला : खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, जिंकण्याच्या अपेक्षेने पैसा लावला जातो काय, एवढेच पाहावयाचे. ही दिशा सभापर्वाच्या जवळची आहे. तथापि कायदा पण आहे की नाही हे विचारतो. द्रौपदीने विचारले ते त्यापुढचे होते.

नलाची कथा ऐकल्यावर युधिष्ठिराला बृहदश्वाकडून अक्षहृदय मिळते. विराटाच्या नगरीत तो कंक या नावाने द्यूतनिपुण सभासद होतो, खेळतो, जिंकतो, आणि जिंकलेले धन गुप्तपणे भावांत वाटतो. शास्त्राच्या दृष्टीने तो आता परिपूर्ण खेळाडू आहे. विराट एके दिवशी पुत्राच्या विजयाच्या आनंदात त्याला खेळावयास बसवितो तेव्हा कंक द्यूताचे दोष सांगतो आणि युधिष्ठिर नावाच्या राजाचे उदाहरण देतो. तरी तो खेळतो. बोलता बोलता तो बृहन्नलेची स्तुती करतो आणि संतापलेला विराट हातातला फासा त्याच्या तोंडावर फेकून मारतो. नाकातून रक्त वाहू लागते. युधिष्ठिर ते ओंजळीत धरतो आणि शेजारी उभ्या असलेल्या सैरंध्रीकडे पाहतो. तिला त्याचे मन कळते. ती पाण्याने भरलेले पात्र पुढे करते आणि रक्त जमिनीवर पडू देत नाही.